मिशनचा न्हावी

रामाजी दिवाणजींनी ओट्यावरून खाली न उतरताच सांगितलं, की शेठजींची दाढी आज व्हायची नाही. वारलूनं तोवर पितळी वाटीत पाणी ओतून घेतलं होतं आणि वस्तरा पट्ट्यावर घासायला काढला होता. वस्तरा तसाच हातात धरून तो वर बघत राहिला. मागं राइस मिलचं यंत्र धडधडत होतं आणि कोंड्याची धूळ अंगणभर उडून त्याच्या ओल्या हातांवर बसत होती. उद्या येऊ का, असं त्यानं विचारलं. उद्याही नको, शेठजींनी स्टेशनाकडचा दुसरा न्हावी लावला आहे, असं रामाजी म्हणाले आणि मग आवाज उतरवून पुढं झुकले.

"तू त्या मिशनात जातेस ना गा. घरचे लोक भेतात."

वाटीतलं पाणी वारलूनं जास्वंदीच्या बुडाशी ओतलं, वस्तरा मिटला आणि हत्यारांची धोपटी गुंडाळून काखेत मारली. ओट्याच्या कडेला कणीचं एक पोतं तोंड शिवून ठेवलं होतं. ते मिशनचं होतं. शेठजी दर महिन्याला मिशनच्या महारोग्यांसाठी कणी पाठवत आणि मूल गावच्या बाजारात त्याबद्दल चांगलं बोललं जाई. मिलची बैलबंडी ते पोतं मिशनच्या फाटकाशी उतरवून तशीच मागं फिरे.

शेठजींच्या आधी शाळेतले मास्तर सुटले होते, त्याआधी पोस्टातले बाबू, त्याआधी तेल्यांची घरं. कोणी भांडलं नव्हतं. कोणाला बाहेरगावी जायचं असे, कोणाच्या अंगात कसर असे, आणि मग दोन दिवसांनी त्याच माणसाची गुळगुळीत हनुवटी वारलूला बाजारात दिसे. वारलूचं वय पन्नाशीला टेकलं होतं. उकिडवं बसून दाढी केली की उठताना गुडघ्यावर हात दाबून उठावं लागे. नवी गिऱ्हाइकं शोधत हिंडण्याचं ते वय नव्हतं.

हे सगळं रंभाच्या गळवापासून सुरू झालं होतं. रंभा त्याची बायको. दोन वर्षांमागं तिच्या काखेत गळू झालं, ताप चढला, पोटीस बांधून आणि झाडपाला लावून काही होईना. ती बरळायला लागली तेव्हा वारलूचा धाकटा भाऊ लच्छू कोणाची तरी बंडी मागून घेऊन आला. चांद्याचा सरकारी दवाखाना लांब होता. उमा नदीच्या पलीकडे, मोहाच्या रानाला लागून कॅथलिक मिशनचा दवाखाना होता, तो जवळ होता. तिथल्या सिस्टर फिलोमिनांनी गळू कापलं, जखम धुतली, आणि रंभा उठून बसेपर्यंत तिला तिथंच ठेवून घेतलं.

सिस्टर वसईकडच्या. वर्ण सावळा, हात राकट. मराठी बोलत, पण शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. निघायच्या दिवशी वारलूनं काय द्यायचं म्हणून विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. वारलूला ते पटलं नाही. फुकटचं घेऊन घरी जाणं त्याच्या बापानं कधी केलं नव्हतं. त्यानं आपल्याजवळ होतं ते देऊ केलं. शनिवारी गावात कोणी केसांना हात लावू देत नाही, तो दिवस त्याला मोकळाच असे. दर शनिवारी येऊन इथल्या माणसांची हजामत करून देईन, असा शब्द त्यानं दिला.

त्याच्या डोळ्यांपुढं इथली माणसं म्हणजे दाढीवाले फादर, माळी आणि स्वयंपाकी होते. पहिल्या शनिवारी सिस्टर त्याला दवाखान्याच्या मागं, बांबूच्या कुंपणापलीकडे घेऊन गेल्या. तिथं झोपड्यांची एक ओळ होती आणि एका बेहड्याच्या झाडाखाली माणसं बसली होती. कोणाच्या हातापायांना चिंध्या बांधलेल्या, कोणाची बोटं झडलेली, कोणाचं नाक बसलेलं. वारलूचे पाय जागीच थांबले. सिस्टरच्या ते ध्यानात आलं.

"भाऊ, तुम्ही शब्द दिलात तेव्हा तुम्हाला हे ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता नाही म्हणालात तर मी मनात धरणार नाही."

वारलू परत फिरणारच होता. पण न्हावी येणार म्हणून त्या लोकांनी आधीच दाढ्या ओल्या करून ठेवल्या होत्या. पाणी त्यांच्या हनुवट्यांवरून गळ्यावर ओघळत होतं आणि कोणी पुसत नव्हतं. तेवढ्यानं तो अडकला. धोपटी उघडून तो खाली बसला.

पुढं लोकांना वाटायचं, की वारलूला त्याची सवय झाली असेल. तसं झालं नाही. जखमांचा वास येई, माश्या घोंघावत. गावातलं गिऱ्हाईक वस्तरा जरा लागला की तोंड वाकडं करतं. इथल्या कातडीला कळत नसे, म्हणून रक्ताचा थेंब दिसेपर्यंत कोणी बोलत नसे. सगळी दाढी श्वास धरून करावी लागे. नखं काढताना तर त्याच्या मानेला घाम फुटे. मिशनचा वस्तरा आणि नखं काढायची नहरणी मिशनमध्येच राहत, सिस्टर ते उकळून डब्यात ठेवत. घरी आल्यावर वारलू अंगणात कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ करी आणि मगच रंभा त्याला वाढी. हे त्यानं गावात पुष्कळांना सांगून पाहिलं. लोक ऐकून घेत. दर शनिवारी सकाळी उठताना आज जाऊ नये असं त्याच्या मनात येई, आणि दर शनिवारी तो नदी ओलांडून जाई.

तिथं मुखरू नावाचा एक म्हातारा होता. पूर्वी धानाची शेती करणारा, बैलांची चांगली जोडी बाळगलेला माणूस. रोगानं त्याच्या भुवया गेल्या होत्या, दोन्ही हातांची बोटं आत वळली होती, पण मिशी शाबूत होती. त्या मिशीचा त्याला फार अभिमान. तिची टोकं किती ठेवायची, यावर तो दर खेपेला वारलूशी हुज्जत घाली. पहिल्या दिवशी रांगेतल्या एकानं शनिवारी कुठं दाढी करतात का, म्हणून कुरकुर केली, तेव्हा मुखरूच सरकून पुढं येऊन बसला होता.

"कर गा माही," तो म्हणाला होता. "शनी आता अजून काय करनार आमचं?"

मुखरूला दर शनिवारी बाहेरच्या बातम्या हव्या असत. मिलवर धान कोणत्या गावचं येऊन राह्यलं, तळ्यात पाणी किती आहे, आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला म्हणजे नेमका कुठं गेला. वारलू फारसा बोलका नव्हता, पण मुखरूसाठी तो आठवडाभर कान उघडे ठेवायला शिकला. शुक्रवारच्या संध्याकाळी तो रंभालाही विचारी, की बाजारात काय ऐकलंस. मुखरूच्या दोन मुलांचं गाव तिथून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. त्यांच्याबद्दल मुखरू विचारत नसे.

शेठजींचं घर सुटलं त्या वर्षी लच्छूच्या मुलीची, सोनीची सोयरीक आली. दोघा भावांचं घर एकच होतं, चूल एकच होती. वारलू आणि रंभाला मूल नव्हतं. सोनीची आई बाळंतपणात गेली, तेव्हापासून रंभानंच तिला वाढवलं होतं. सोनी रंभाला आई म्हणे आणि वारलूच्या ताटात जेवे. सिंदेवाहीकडचा मुलगा होता, चौकात स्वतःचं दुकान टाकलेला. त्याचा बाप इसरू मुलगी पाहायला आला. मुलगी पसंत पडली. पण चहा घेतला नाही. जाताना लच्छूला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, की तुमच्या घरातला एक माणूस रक्तपितीवाल्यांच्या अंगाला हात लावतो असं कानावर आलं आहे. ते थांबलं तर आमचा होकार समजा.

लच्छूनं ते भावाला रागानं सांगितलं नाही. वारलू ओसरीवर वस्तरा घासत बसला होता, तिथं येऊन तो भिंतीला टेकला. गावातली जी घरं सुटली होती ती दोघांची मिळून सुटली होती, आणि गेलं वर्षभर लच्छू आसपासच्या खेड्यांत पायी हिंडून ती भर काढत होता. त्याचे पाय सुजलेले होते.

"भाऊ, मी तुमाले आजवर काई म्हनलं नाई," तो म्हणाला. "आता म्हनून राह्यलो."

वारलूनं आत पाहिलं. रंभा चुलीपाशी होती. ती उठून दारात आली आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"शब्द माह्यापायी देल्ला होता तुमी," ती म्हणाली. "आता मीच म्हनतो, सोडा."

पुढच्या शनिवारी वारलू नदी ओलांडून गेला तो सांगायलाच. सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. सकाळपासून उभ्या असाव्यात. चपला काढून त्या पायांचे तळवे दाबत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलीचं नाव विचारलं. लग्न कधी आहे ते विचारलं. आपल्या बहिणीच्या लग्नात आईनं मांडवाला आंब्याच्या डहाळ्या कशा बांधल्या होत्या, ते सांगितलं. परत कधी येणार, हे विचारलं नाही. वारलूला वाटलं होतं, त्या काहीतरी म्हणतील आणि मग आपल्यालाही काहीतरी म्हणता येईल. तो कुंपणापलीकडे गेला नाही. बेहड्याखाली माणसं बसलेली त्याला तिथूनच दिसली.

होळी गेली. पळसाची फुलं गळून रस्त्यावर काळी पडली. वारलूचे शनिवार रिकामे झाले. तो अंगणात बसून मांडवासाठी बांबू तासायचा, मधेच थांबायचा. ज्यांनी त्याला सोडलं होतं ती घरं काही परत आली नाहीत. मास्तरांनी लांबून नमस्कार केला, एवढंच. मिशनमध्ये सिस्टरनी दुसरा न्हावी शोधून पाहिला, कोणी तयार झालं नाही, मग त्या स्वतःच कात्रीनं लोकांच्या दाढ्या कापू लागल्या, हे त्याला नीलाबाईकडून कळलं. नीलाबाई रानातल्या पाड्यावरची. लाकडाच्या मोळ्या विकायला मूलला येई, आणि येता-येता दर वेळी एक मोळी मिशनच्या स्वयंपाकघराशी टाकून येई. तिच्या पाड्यावरचं कोणी तिथं होतं का, तर नव्हतं. एकदा तिच्या लेकराचा ताप सिस्टरनी उतरवला होता.

वैशाखात सोनीचं लग्न झालं. वारलूनं मांडवात जे जे न्हाव्यानं करायचं ते केलं, आणि जे बापानं करायचं त्यातलंही निम्मं केलं. वरातीच्या बंडीत बसताना सोनी रंभाच्या गळ्यात पडून रडली आणि मग वारलूच्या पाया पडायला वाकली. तिच्या डोक्यावर हात ठेवताना वारलूच्या मनात आलं, की हा हात मिशनमधून येत असता तर तिच्या सासऱ्यानं तो इथं ठेवू दिला नसता.

लग्नानंतर तो लगेच मिशनकडे गेला नाही. पोर नव्या घरात आहे, चार दिवस जाऊ द्यावेत, असं लच्छू म्हणाला. चार दिवसांचे पंधरा झाले. ऊन असं तापलं होतं, की दुपारी बाजारात कुत्रंही दिसत नसे. अशा एका सकाळी नीलाबाईनं मोळी त्याच्या अंगणात उतरवली, रंभाकडून पाणी मागून प्यायली आणि सांगितलं, की मिशनमधला तो मिशीवाला म्हातारा आता जायच्या वाटेवर आहे. पोटात काही ठरत नाही. दाढी गळ्यापर्यंत आली आहे. शिस्टरबाई कात्री घेऊन गेल्या, तर बाईमाणसाच्या हातून करून घेणार नाही म्हणाला.

"वारलू येईन तवा करीन म्हनते," नीलाबाई म्हणाली.

वारलूनं लच्छूची वाट पाहिली नाही. लच्छू खेड्यांकडे गेला होता. रंभानं त्याला थांबवलं नाही. उन्हाचं आहे म्हणून डोक्याला दुपट्टा बांधून जा, एवढंच म्हणाली.

मुखरू झोपडीत बाजेवर पडला होता. अंगावर नुसती हाडं उरली होती आणि पांढरी दाढी घामानं गळ्याला चिकटली होती. सिस्टरनी डबा आणून दिला. वस्तरा लख्ख होता. इतके दिवस कोणी वापरला नव्हता तरी उकळलेला होता. वारलूनं बाजेच्या काठावर बसून म्हाताऱ्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, कारण तो बसू शकत नव्हता. पाण्याचा हात गालांवरून फिरला तेव्हा मुखरूनं डोळे उघडले.

"आलास का गा."

"आलो."

"पोरीचं लगन नीट झालं?"

वारलूला वाटलं होतं, तो चिडेल. सिस्टरनी त्याला सगळं सांगितलं होतं तर. "झालं," तो म्हणाला.

"मंग बरं," मुखरू म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मिशी ठेव."

दाढी करायला पुष्कळ वेळ लागला. कातडी सैल पडली होती, ती एका हातानं ताणून धरावी लागत होती. वारलूनं त्याला मिलवरच्या बातम्या सांगितल्या. धान आता संपत आलं आहे, मिल एकाच पाळीत चालते. मुखरू ऐकत होता का ते कळत नव्हतं. शेवटी वारलूनं मिशीची टोकं ओली करून पिळली आणि आरसा समोर धरला. मुखरूनं आरशात पाहिलं आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

वारलू त्या रात्री घरी गेला नव्हता, त्यामुळं तो तिथंच होता. फादरनी मुखरूच्या मुलांकडे सांगावा धाडला होता. मोठा मुलगा आला. फाटकाच्या आत आला नाही. बाहेरच्या मोहाच्या झाडाखाली उभा राहिला. चेहरा हुबेहूब बापाचा. सिस्टर तांब्याभर पाणी घेऊन गेल्या, ते त्यानं घेतलं नाही. बाप गेला हे ऐकून तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, की त्याला घराबाहेर काढलं त्याच वर्षी आम्ही त्याचं मेल्यावरचं सगळं करून टाकलं आहे, गावजेवणही घातलं आहे.

"आता दुसऱ्यांदा कसं करावं, सांगा," तो म्हणाला. "माह्याही घरात पोरी आहेत."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. झोपड्यांकडे त्यानं एकदा पाहिलं, पायांतल्या वहाणा नीट केल्या आणि आल्या वाटेनं निघाला. वारलूला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्या पाठीकडे पाहताना त्याला आपणच फाटकापासून परत चाललो आहोत असं वाटलं.

मुखरूनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. फादर म्हणाले, त्याचं त्याच्या लोकांच्या रीतीनं व्हायला पाहिजे. पण त्याचे लोक कोण, ते कोणालाच सांगता येईना. झोपड्यांतल्या माणसांनी मग आपणच लाकडं आणायला सुरुवात केली. ज्यांना बोटं होती त्यांनी हातांनी, ज्यांना नव्हती त्यांनी कोपरांत धरून. स्वयंपाकघरामागच्या नीलाबाईच्या मोळ्या सिस्टरनी देऊन टाकल्या. नदीकाठच्या रेतीत चिता रचली गेली. आता अग्नी कोणी द्यायचा, यावर सगळे थबकले. लटारू नावाचा त्यांच्यातला एकजण पुढं आला. त्याचे पंजे बधिर होते. पेटती चूड त्याच्या हातात दिली असती तर हात भाजला तरी त्याला कळलं नसतं. सिस्टरनी त्याला हळूच मागं घेतलं. त्या वारलूकडे पाहत नव्हत्या, मुद्दामच पाहत नव्हत्या.

वारलूनं दुपट्टा डोक्यावरून काढून कमरेला बांधला आणि चूड आपल्या हातात घेतली.

घरी आल्यावर तो आत गेला नाही. अंगणात उभा राहूनच त्यानं रंभाला सांगितलं. लच्छू न्हाणीपाशी पाय धूत होता, त्यानंही ऐकलं. तो तसाच तांब्या हातात घेऊन थांबला आणि मग आत गेला. त्या दिवसापासून वारलू सुतक धरून ओसरीच्या टोकाला वेगळा निजू लागला. रंभा त्याचं जेवण केळीच्या पानावर लांबून सरकवी. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. वारलूनं अग्नी दिला हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. मिशनमधली माणसं गावात येत नसत, नीलाबाई कोणाला सांगणार नव्हती. दहाव्याला त्यानं काहीच केलं नसतं, तर कोणी विचारायलाही आलं नसतं. लच्छूला तेच वाटत असावं. एकदा तो रंभाला म्हणाला, आता झालं ते झालं, गुपचूप राहिलं तर पोरीला त्रास नाही. वारलूनं ते ऐकलं. पोरीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण ज्याला आपण अग्नी दिला त्याचं पुढचं अर्ध्यावर टाकून राहणं त्याला जमेना. त्यासाठी लागणारं बळ आपल्यात उरलेलं नाही, असं त्याला वाटलं. आणखी एकदा त्याला न जाणं झेपणार नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी तो एकटाच उमेच्या काठावर गेला. नदीत पाणी थोडंच होतं. मधे रेतीचे उंचवटे आणि कडेनं एक बारीक धार. आंघोळ करून तो दगडावर बसला, आरसा दुसऱ्या दगडाला टेकवला आणि स्वतःच्या डोक्याला वस्तरा लावला. सगळा जन्म दुसऱ्यांची डोकी भादरण्यात गेला होता; स्वतःचं करताना हात उलटा पडत होता. कपाळापाशी जरा जमलं. टाळूवर कापलं. रक्त कानामागून खाली आलं, ते त्यानं पाण्यानं धुतलं आणि परत वस्तरा उचलला.

रेतीत पावलं वाजली. लच्छू येत होता. त्याच्या काखेत त्याची धोपटी होती. तो जवळ येऊन थोडा वेळ उभा राहिला, भावाच्या डोक्यावरच्या जखमा पाहत. मग मागं जाऊन बसला आणि वारलूच्या हातातला वस्तरा काढून घेतला.

"कोन लागत होता तुमचा?" त्यानं विचारलं.

वारलूनं विचार केला. "गिऱ्हाईक होता," तो म्हणाला.

लच्छूनं ओंजळीनं पाणी घेऊन त्याच्या डोक्यावर चोळलं. बोटं जखमांना चुकवून जात होती. मग मानेवर डाव्या हाताचा दाब देऊन त्यानं डोकं पुढं वाकवलं आणि मागून पुढं वस्तरा चालवला, एकसारखा, न थांबता. पांढरे केस ओल्या रेतीवर पडत गेले. पलीकडच्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. ती बघू लागली, आणि मग काय चाललं आहे ते ओळखून तिनं तोंड फिरवलं. डोकं झाल्यावर लच्छू समोर येऊन बसला.

"मिशीही?"

"तेही."

ते झाल्यावर लच्छूनं जखमांना तुरटी लावली. वारलूनं पुन्हा पाण्यात बुडी मारली. भाताचा पिंड ठेवला. कावळा यायला फार वेळ लागला नाही.

परतीची वाट बाजारातून होती. ऊन चढलं होतं. लच्छूनं दोन्ही धोपट्या आपल्या काखेत घेतल्या आणि दुपट्टा भावापुढं धरला, डोक्याला बांधायला. वारलूनं तो घेतला आणि खांद्यावर टाकला. दोघं तसेच चालू लागले. पोस्टातल्या बाबूंनी खिडकीतून पाहिलं. मिलच्या ओट्यावर रामाजी दिवाणजी पोती मोजून घेत होते. त्यांचे ओठ हलायचे थांबले. त्यांनी वारलूच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, मग मिशी नसलेल्या ओठाकडे, आणि लच्छूकडे वळून हळू आवाजात विचारलं, की कोण गेलं गा.

वारलू थांबला नाही. लच्छू मात्र क्षणभर थांबला.

"घरचंच मानूस होतं," तो म्हणाला, आणि पावलं उचलून भावाच्या बरोबरीनं चालू लागला.